पाण्यातील शिरगणती

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात आंधळगाव नावाचे गाव आहे. हातमागावर विणलेल्या कोसा रेशमाच्या वस्त्रांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांची पाने खाऊन वाढणारी एक रानटी अळी स्वतःभोवती टणक कोष विणते. तो कोष उकळून त्याचा धागा काढतात आणि त्या धाग्यापासून मधाच्या रंगाचे सुंदर वस्त्र तयार होते. निसर्गाने निर्माण केलेला पदार्थ माणसाने ओळखला, पारखला आणि उपयोगात आणला, याचे कोसा हे एक उत्तम उदाहरण होय.

कोषांचे भरलेले पोते विकत घेताना जाणता माणूस काय करतो? पोत्यातील प्रत्येक कोष हाती घेऊन पाहण्यास त्याला सवड नसते. म्हणून तो पोत्यात खोलवर हात घालतो. थोडे कोष वरचे, थोडे मधले, थोडे तळाचे असे बाहेर काढतो आणि त्या मूठभर कोषांवरून सर्व पोत्याची पारख करतो. केवळ वरचेच कोष पाहून जो सौदा करील, तो फसण्याचा संभव फार. कारण पोते भरणारा चतुर असेल, तर चांगले कोष वर आणि फुटके तळाशी असावयाचे.

या साध्या व्यवहारात एका मोठ्या शास्त्राचे बीज दडलेले आहे. त्या शास्त्रास संख्याशास्त्र असे म्हणतात. थोडे पाहून पुष्कळाविषयी अनुमान कसे करावे, ते अनुमान कितपत विश्वासार्ह आहे हे कसे ठरवावे आणि स्वतःची फसवणूक कशी टाळावी, हे संख्याशास्त्र शिकवते. ज्यांची मोजदाद करणे अशक्यप्राय वाटते, अशा पाण्यातील जीवांची गणती याच शास्त्राच्या साहाय्याने केली जाते.

पोत्यातील कोष निदान ओतून मोजता तरी येतात. परंतु तलावातील मासे कसे मोजावेत? भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजातील कुशल माणसांनी काही शतकांपूर्वी या प्रदेशात शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. या तलावांच्या पाण्यावर धानाची शेती पिकते आणि ढिवर समाजातील लोक त्यांत मासेमारी करून आपला चरितार्थ चालवतात. तलावात किती मासे आहेत, हे कळले तर यंदा किती पकडावेत आणि पुढील वर्षासाठी किती राखावेत, हे ठरवता येईल. पण पाणी गढूळ, मासे चंचल. आणि मोजण्यासाठी तलाव कोरडा करावा, तर ज्यांची गणती करावयाची ते जीवच नष्ट व्हावयाचे!

यावर संख्याशास्त्राने एक सुंदर युक्ती शोधून काढली आहे. समजा, एका तलावात जाळे टाकून २०० मासे पकडले. प्रत्येक माशाला इजा होणार नाही अशा बेताने एक बारीक खूण केली आणि ते सर्व मासे पुन्हा पाण्यात सोडून दिले. काही दिवस गेले. खुणेचे मासे इतर माशांत मिसळून गेले. मग तलावाच्या निरनिराळ्या भागांत पुन्हा जाळी टाकली. या वेळी १५० मासे सापडले आणि त्यांपैकी १० माशांवर खूण आढळली. म्हणजे पकडलेल्या दर पंधरा माशांमध्ये एक खुणेचा होता. जे प्रमाण जाळ्यात आढळले, तेच प्रमाण तलावात असावे असे मानले, तर खुणेचे २०० मासे हे एकंदर माशांच्या पंधराव्या हिश्श्याइतके होतात. दोनशेला पंधराने गुणले की ३,००० ही संख्या मिळते. तलावाचा एक थेंबही न उपसता त्यातील माशांचा अंदाज हाती आला!

डेन्मार्क देशातील पेटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ च्या सुमारास माशांना खुणा करून त्यांचा असा अभ्यास केला. आजही ही रीत त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दुसऱ्या वेळी खुणेचे १० मासे सापडले, यात दैवयोगाचाही वाटा आहे. दहांऐवजी आठ सापडले असते, तर उत्तर ३,७५० आले असते. बारा सापडले असते, तर ते २,५०० आले असते. म्हणून खरा संख्याशास्त्रज्ञ ‘तलावात ३,००० मासे आहेत’ असे ठामपणे कधीच सांगत नाही. ‘मासे सुमारे ३,००० असावेत, पण ते अमुक संख्येपेक्षा कमी किंवा तमुक संख्येपेक्षा अधिक असण्याचा संभव थोडा’ अशा शब्दांत तो आपले उत्तर मांडतो. आपल्या ज्ञानाची मर्यादा उत्तरासोबतच सांगणे, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

मराठीत ‘शितावरून भाताची परीक्षा’ अशी एक म्हण आहे. भाताच्या हंडीतील दोन शिते बोटांनी दाबून पाहिली, की भात शिजला किंवा नाही हे सुगरणीला कळते. हंडीतील पाणी सारखे उकळत असते, शिते वरखाली होत असतात. त्यामुळे कोणतेही शीत घेतले तरी ते सर्व भाताचा खरा प्रतिनिधी ठरते. हंडी लहान असो किंवा लग्नघरातील मोठा हंडा असो, परीक्षेला तेवढीच शिते पुरतात. हंडा मोठा म्हणून शितेही पसाभर घ्यावी लागत नाहीत. संख्याशास्त्रातही असेच आहे. समूह फार मोठा असेल, तर अंदाजाचा अचूकपणा समूहाच्या आकारावर नव्हे, तर नमुन्याच्या आकारावर अवलंबून असतो. नमुना चौपट केला, तर अंदाजातील चूक साधारणतः निम्मी होते. म्हणूनच अफाट समुद्राचाही अभ्यास मूठभर नमुन्यांवरून करता येतो.

परंतु हंडी नीट उकळलेली नसेल तर? तर वरचे शीत कच्चे आणि तळाचे करपलेले असू शकते. अशा वेळी हाताला सहज लागले तेच शीत घेणारा हमखास चुकतो. म्हणून नमुना निवडताना सोय, आवड आणि ओळख या तिन्ही गोष्टी दूर ठेवाव्या लागतात. सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात आणि डोळे मिटून एक उचलावी, तशी निवड झाली पाहिजे. प्रत्येकाला निवडले जाण्याची ठराविक संधी मिळेल, अशा या निःपक्षपाती निवडीला यादृच्छिक निवड असे नाव आहे.

निवडीतील लहानसा पक्षपातही किती महागात पडतो, हे एका मराठी शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते लंडनला गेले आणि तेथे त्यांनी संख्याशास्त्राचा सखोल अभ्यास केला. भारतात परतल्यावर त्यांच्यापुढे देशाच्या अन्नधान्याचा प्रश्न होता. शेतात उभे असलेले पीक किती उतरेल, याचा अंदाज घेण्यासाठी शेताचा एखादा तुकडा निवडून त्यातील पीक कापून तोलण्याची पद्धत होती. सुखात्मे यांना असे आढळले की, हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा अधिक येतो. कारण अगदी साधे होते. तुकड्याच्या कडेवर उभी असलेली रोपे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असे. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि चूकही तितकीच मोठी!

ही चूक दैवयोगाची नव्हती. दैवयोगाची चूक कधी अधिक, तर कधी उणी होते आणि अनेक नमुने घेतल्यावर ती कमी होत जाते. पक्षपाताची चूक मात्र नेहमी एकाच बाजूला झुकते. लाख नमुने घेतले तरी ती जात नाही. धान्य मुबलक आहे असे कागदावर दिसावे आणि कोठारात मात्र ते नसावे, यासारखे दुसरे संकट कोणते? म्हणून सुखात्मे यांनी पुरेसा मोठा तुकडा आणि चिठ्ठीने केलेली निवड यांचा आग्रह धरला. पुढे १९५१ पासून १९७१ पर्यंत ते रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते.

शेतातून आता समुद्राकडे वळावयाचे आहे. आंधळगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे; पण पाण्याच्या वाटेने पाहिले तर त्या दोहोंत मोठे नाते आहे. या परिसरात पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून वैनगंगेला मिळतो. वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. ज्या रीतीने तलाव समजून घेता येतो, ती रीतही पाण्याप्रमाणेच तलावाकडून समुद्राकडे जाते. मात्र वाटेत तिला अधिक व्यापक व्हावे लागते.

कारण समुद्र ही सारखी उकळलेली हंडी नव्हे. तो वाढलेल्या ताटासारखा आहे. ताटात भात, वरण, भाजी आणि चटणी वेगवेगळी वाढलेली असतात. एकाच पदार्थाचा घास घेऊन सर्व स्वयंपाकाची चव सांगता येत नाही. त्याचप्रमाणे समुद्रात कोठे खडक, कोठे चिखल, कोठे खाडी, तर कोठे खोल पाणी असते. आणि प्रत्येक ठिकाणचे जीव निराळे. म्हणून शास्त्रज्ञ समुद्राचे प्रथम भाग पाडतात आणि मग प्रत्येक भागातून चिठ्ठीने नमुने निवडतात.

भारताच्या किनाऱ्यावर दरवर्षी किती मासळी येते, हे मोजण्यासाठी असाच मार्ग अवलंबिला गेला. डहाणूपासून तेरेखोलपर्यंत नुसत्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कितीतरी बंदरे आहेत. कोठे पहाटे होड्या लागतात, कोठे भर दुपारी, तर कोठे मध्यरात्री. कोणी बोंबील आणतो, कोणी बांगडे, कोणी पापलेट, तर कोणी कोळंबी. प्रत्येक बंदरावर अहोरात्र माणूस बसवणे शक्य नव्हते. सुखात्मे, विनायक गोविंद पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री या तिघांनी समुद्रातील मासळीचा अंदाज नमुन्यांवरून कसा करावा, याविषयीचा निबंध १९५८ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. धानाच्या बांधीत जे तत्त्व उपयोगी पडले, तेच समुद्रकिनाऱ्यावरही उपयोगी पडले.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ही १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय कोची येथे आहे. या संस्थेने बसवलेली मोजणीची पद्धत पाहण्यासारखी आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करावयाचे. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतून एक दिवस चिठ्ठीने निवडावयाचा आणि तेथून पुढचे दिवस नियमाने ठरवून त्यांच्या दोन-दोन दिवसांच्या जोड्या लावावयाच्या. जोडीतील पहिल्या दिवशी दुपारी बारापासून सायंकाळी सहापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत बंदरावर नोंद करणारा माणूस हजर असतो. मधल्या रात्री आलेल्या होड्यांची माहिती तो विचारपूस करून मिळवतो. होड्या पंधरा किंवा त्याहून कमी असतील, तर प्रत्येक होडीची मासळी पाहावयाची. अधिक असतील, तर त्यांतील काही निवडावयाच्या. काही होड्यांवरून एका दिवसाचा, काही दिवसांवरून महिन्याचा आणि काही बंदरांवरून किनाऱ्याचा अंदाज बांधला जातो. नोंद करणाऱ्याला कोणत्या दिवशी यावे हे स्वतःच्या सोयीने ठरवता येत नाही, यातच या पद्धतीचे बळ आहे.

मासळी किती, या प्रश्नाहून अवघड प्रश्न आहे तो जाती किती, हा. एखाद्या प्रदेशात जीवांच्या जेवढ्या भिन्न भिन्न जाती नांदतात, तेवढी तेथील जैवविविधता मोठी. पहिल्यांदा जाळे टाकले, की बहुतेक सर्वच जाती नव्या असतात. दुसऱ्या वेळी काही ओळखीच्या आणि काही नव्या निघतात. दहाव्या वेळी क्वचित एखादी नवी निघते. तरीही अजून न दिसलेल्या जाती किती, हे कसे सांगावे? जे पाहिलेच नाही, ते मोजावयाचे तरी कसे?

याचे उत्तर तैवानमधील अ‍ॅन चाओ या संख्याशास्त्रज्ञ विदुषीने १९८४ मध्ये एका सोप्या सूत्रात दिले. तिने विचार केला की, न दिसलेल्या जातींची बातमी जेमतेम दिसलेल्या जातींकडून मिळते. ज्या जातीचा एकच जीव जाळ्यात आला, ती थोडक्यातच हुकता हुकता सापडली. अशा जाती पुष्कळ असतील, तर खरोखरच हुकलेल्याही पुष्कळ असल्या पाहिजेत. समजा, सर्व जाळ्यांत मिळून २० जाती सापडल्या. त्यांपैकी ६ जातींचा प्रत्येकी एकच जीव आणि ३ जातींचे प्रत्येकी दोनच जीव मिळाले. आता सहाचा वर्ग करावा, म्हणजे ३६. आणि त्याला तिनाच्या दुपटीने, म्हणजे सहाने भागावे. उत्तर येते ६. म्हणून न दिसलेल्या जाती सुमारे सहा आणि एकंदर जाती सुमारे सव्वीस धराव्यात. हे उत्तरही किमान होय. खऱ्या जाती याहून अधिकही असू शकतील.

अशा निरनिराळ्या रीतींनी शास्त्रज्ञांनी सर्व पृथ्वीचाही अंदाज घेतला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जाती असाव्यात आणि त्यांपैकी सुमारे २२ लाख समुद्रात असाव्यात. त्या गणिताप्रमाणे समुद्रातील दर दहा जातींपैकी नऊ जातींना माणसाने अजून नावही दिलेले नव्हते. महाराष्ट्राच्या समुद्रातही जीवसृष्टीचे असे भांडार आहे. मालवणजवळचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात प्रवाळांनी नटलेले एक विस्तीर्ण पठार आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सेनानी कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक असे म्हणतात.

या अनोळखी जीवांची मोजदाद केवळ कुतूहलापोटी केली जात नाही. कोसा हा जसा अळीने निर्माण केलेला नैसर्गिक पदार्थ, तसे असंख्य नैसर्गिक पदार्थ समुद्रातील जीवही निर्माण करतात. स्पंज हा प्राणी खडकाला चिकटून राहतो. त्याला शत्रूपासून पळता येत नाही; म्हणून तो आपल्या शरीरात तीव्र रसायने तयार करतो. १९५० च्या सुमारास बर्गमान या शास्त्रज्ञाला एका स्पंजामध्ये काही अपूर्व द्रव्ये आढळली. त्यांच्या धर्तीवर तयार केलेल्या औषधाला १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगाने पीडलेल्या रोग्यांना ते दिले जाऊ लागले. शंकूच्या आकाराचा शंख असलेली एक समुद्री गोगलगाय विषारी दंश करून मासे पकडते. तिच्या विषाच्या अभ्यासातून असह्य वेदना शमवणारे एक औषध निघाले. त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. भारतातही गोव्यातील दोना पावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने सागरी जीवांतील अशा द्रव्यांचा अभ्यास केला आहे.

या शोधातही संख्याशास्त्राची जागरूक दृष्टी लागते. कल्पना करावी की, हजार मुलांनी प्रत्येकी एक नाणे दहा वेळा उडवले. अशा हजार मुलांत साधारणपणे एखाद्या मुलाचा दहाही वेळा छापाच पडेल. त्या मुलाच्या बोटांत काही जादू आहे काय? मुळीच नाही, हजारांत एखाद्याचे असे व्हावयाचेच. त्याला पुन्हा नाणे उडवावयास सांगितले, तर तो इतरांसारखाच ठरेल. त्याचप्रमाणे हजार जीवांचे अर्क रोगजंतूंवर टाकून पाहिले, तर त्यांतील एखादा केवळ योगायोगानेही गुणकारी भासेल. म्हणून शास्त्रज्ञ पहिल्या यशाने हुरळून जात नाहीत. तोच प्रयोग ते पुनःपुन्हा करतात. शेजारी अर्क न घातलेली पात्रे तुलनेसाठी ठेवतात. आणि हे यश निव्वळ योगायोगाने मिळण्याचा संभव किती, याचे गणित करतात. ही काळजी घेतली नाही, तर रोग्याच्या हाती औषधाऐवजी भ्रम पडेल.

शिवाय गणती आणि औषध यांचा आणखी एक संबंध आहे. कणभर द्रव्य मिळवण्यासाठी कित्येकदा मोठ्या प्रमाणावर जीव गोळा करावे लागतात. ते जीव समुद्रात किती आहेत, हे ठाऊक नसताना ओरबाडून आणले, तर औषधाबरोबर त्याचे मूळही नाहीसे होईल.

चुकीच्या गणतीचे परिणाम किती भयंकर होतात, हे कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याने अनुभवले. तेथील समुद्रात कॉड जातीच्या माशांचे एवढे थवे असत की, सुमारे पाचशे वर्षे तेथे मासेमारी चालली होती. १९८० नंतरच्या दशकात मासळी किती उरली याचा अंदाज बांधताना, मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत किती मासे येतात या आकड्यांवर बराच भरवसा ठेवला गेला. जाळी भरून येत होती. म्हणून समुद्रही भरलेला आहे असे वाटले. पण जहाजे यादृच्छिक ठिकाणी जात नव्हती. जेथे मासे दाटीने जमत, तेथेच ती शोधून शोधून जात होती. समुद्र ओस पडत असतानाही उरलेल्या थव्यांवर जाळी भरतच राहिली. पोत्याच्या वरचेच कोष पाहून सौदा व्हावा, तसे हे झाले. अखेर जुलै १९९२ मध्ये सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि ३० हजारांहून अधिक माणसांचा रोजगार गेला. गावेच्या गावे ओस पडली. पुढे तब्बल बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, ती बंदी उठवून मर्यादित मासेमारीस परवानगी देण्यात आली.

या घटनेतील बोध केवळ समुद्रकाठच्या लोकांसाठी नाही. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील अनेक तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरून गेले, तेव्हा त्यांतील देशी मासे आणि पाणवनस्पती कमी होऊ लागल्या. त्या परिसरातील ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी काही तलावांतील झुडपे उपटून काढली आणि तेथे देशी पाणवनस्पती लावल्या. अशा कामाला यश आले किंवा नाही, हे ‘मासे वाढल्यासारखे वाटतात’ एवढ्या बोलण्याने ठरत नाही. त्यासाठी कामापूर्वी आणि कामानंतर, सारख्याच पद्धतीने, सोयीच्या काठावर नव्हे तर तलावाच्या सर्व भागांत जाळी टाकून नोंद ठेवावी लागते. हे काम करण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. वही, पेन्सिल, चिकाटी आणि खरे लिहिण्याचा निर्धार एवढे पुरते. ज्यांचे पोट तलावावर अवलंबून आहे, त्यांना तलावातील प्रत्येक जात नावाने ठाऊक असते. त्या ज्ञानाला नोंदीची जोड मिळाली, की ते शास्त्र होते.

संख्याशास्त्र म्हणजे नुसती आकडेमोड, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते सत्यनिष्ठेचे शास्त्र आहे. आपल्याला आवडणारे शीत निवडू नये, न दिसलेल्याचेही भान ठेवावे, योगायोगाला यश म्हणू नये आणि आपली चूक किती असू शकेल हे न लपवता सांगावे, ही त्याची शिकवण आहे. अथांग समुद्राची शिरगणती करणारा शास्त्रज्ञ आणि कोषांच्या पोत्यात तळापर्यंत हात घालणारा जाणता माणूस, हे दोघेही एकच गोष्ट करीत असतात. वर काय दिसते यावर समाधान न मानता, तळाशी काय आहे ते ते पाहत असतात.